उन्हात दाखवायची मुलगी

“हिला जरा उन्हात आणा की. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गोऱ्या दिसत्यात.”

मुलाची आत्या माझ्या आईला म्हणाली. माझ्याकडे न बघता. मला बघायला आलेले हे जयसिंगपूरचे बडे व्यापारी. मुलगी उन्हात उभी करून पसंत करायची, ही त्यांची रीत. सगळे आमच्या हॉलमध्ये पोहे खात होते.

आईनं माझ्या गालांवर पावडर थापली होती. खाली लाल चट्टे, नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. “ॲलर्जी हाय म्हणायचं,” असं तिनं बजावलं होतं.

ॲलर्जी नव्हती. लुपस होता. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच माझ्यावर उलटल्या आहेत, असं डॉक्टरांनी आईसमोरच सांगितलं होतं. आज सांधे, कातडी. उद्या कदाचित किडनी. दुसऱ्या कुणाला लागण होत नाही, पण पूर्ण बराही होत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही, उन्हानं आजार उफाळतो. तेव्हापासून सकाळी उठले की मी आधी पाय दाबून बघते. सूज आली का?

इंग्लिश मीडियममध्ये शिकले, पण वर्गात कधी हात वर केला नाही. आत्ताही गप्प उठले. दारापर्यंत गेले. बाहेर फरशी तापली होती. आत्यानं माझी हनुवटी धरली आणि रुमालानं गाल खसाखसा पुसला.

“ह्ये काय गं? नायटा हाय व्हय?”

मग हात आमच्या पडद्याला पुसला. कुणीतरी हसलं. मुलगा मोबाइलमध्ये.

“ॲलर्जी हाय वो ताई, जाईल आठ दिवसांत,” आई घाईनं म्हणाली. मग मला, “जा की, उभी ऱ्हा जरा.”

मला आत्याची भीती वाटली नाही. आईची वाटली. तिला सगळं माहीत होतं.

एक पाय उंबऱ्याबाहेर होता, तो मी आत घेतला.

“मी उन्हात जाणार नाही. ही ॲलर्जी नाही, लुपस आहे. जन्मभर राहणार आहे.”

आवाज फाटला. पण बोलले.

“आजारी पोरगी दाखवतायसा? लाज न्हाय?” आत्या चपला घालत म्हणाली. सगळे गेले.

संध्याकाळी आईला मामाचा फोन आला, तो स्पीकरवर होता. कागलचं स्थळ आहे, या वेळी पोरीला गप्प बसायला सांग. मी आईच्या हातातून फोन घेतला.

“मामा, आधी त्यांना आजार सांगा. मग या म्हणावं.”

भीती आहेच. किडनी टिकेल का, मूल होईल का, माहीत नाही. पण माझ्या आजाराला खोटं नाव देऊन मला आता कुणीही कुणापुढं बसवायचं नाही. आईनंही नाही.