सरळ आट्यांची सायकल

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात गुंतलेले होते. रविवारची सकाळ होती. चंद्रपूरच्या आमच्या घराच्या व्हरांड्यात सायकल उभी होती आणि हँडलला कापडी पट्टी गुंडाळायची तेवढी राहिली होती. एक बाजू झाली होती, दुसरी निम्मी. माझ्या मुलीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे मामीजी होत्या. "बाई, तुहे मामाजी गेले वो," एवढंच बोलल्या... मी पट्टीचं टोक सोडलं नाही. सोडलं असतं तर गुंडाळलेली सगळी सैल झाली असती, आणि ते मामाजींना खपलं नसतं. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच.

पुढच्या रविवारी ती सायकल चामोर्शीला, माझ्या आईच्या दारात न्यायचं ठरलं होतं. चंद्रपूरहून मी चालवत न्यायची, मामाजी आणि मामीजी एसटीने येणार, आणि चामोर्शीच्या अलीकडच्या फाट्यावर मी ती मामाजींच्या हाती द्यायची. फाट्यापासून आईचं घर अर्धा किलोमीटर. "तेवढं तर माह्या फुफ्फुसायले जमते," असं ते म्हणाले होते. बहिणीच्या अंगणात त्या सायकलवरूनच उतरायचं, ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा होती. आठ दिवस कमी पडले.

भाऊराव हे माझे सख्खे मामा. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. तरुणपणी, धानाची कापणी आटोपली की दरवर्षी ते आपल्या काळ्या, वजनदार सायकलवरून आईकडे यायचे. पहाटे निघाले की गोंडपिपरी, आष्टी करत दिवस मावळताना पोचायचे. पुढे एसटीने येऊ लागले. पण एकदा त्यांनी आईला सांगून ठेवलं, "आता येईन तो रेसिंग सायकलवरच." तेव्हापासून ते एसटीतून उतरले की आई विचारायची, "काऊन भाऊ, आजही लाल डब्यातच आला?" ते हसायचे आणि पिशवी पुढे करायचे.

ती रेसिंग सायकल म्हणजे इटलीत बनलेली, पातळ पोलादी नळ्यांची जुनी सायकल. खाणीत कधीकाळी आलेल्या कोण्या परदेशी इंजिनियरची ती होती म्हणे. एका शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडली होती. शेड पाडली तेव्हा मामाजींनी ती मागून घेतली. टायर कुजलेले, साखळी गंजून काठी झालेली. पण नळ्यांच्या सांध्यावरची कारागिरी त्यांनी बोटाने मला दाखवली होती. "पाह्य, कुठीच जाडजूड नाई. जेवढं लोखंड लागते तेवढंच."

तेव्हा मी बी.ए.साठी त्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढच्या खोलीला एकच खिडकी. तिच्या एका बाजूला माझं टेबल, दुसऱ्या बाजूला मामाजींचा बाकडा. बाहेरून ट्रकांची धूळ यायची, ती माझ्या वहीवरही बसायची आणि त्यांच्या सुट्या भागांवरही. मी वाचायला बसले की ते हातोडी बाजूला ठेवायचे आणि आवाज न होणारं काम घ्यायचे. गंज घासणं, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुणं, नळ्यांच्या आतून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल फिरवणं. त्या तेलाचा उग्र वास अजूनही माझ्यासाठी परीक्षेचा वास आहे. शेजारी विचारायचे, झाली का सायकल? मामाजी म्हणायचे, "शर्यत लागली आमची. पह्यले इची डिग्री होते का माही सायकल, पाहू." त्या घरात मला एकदाही पाणी भरायला किंवा चुलीशी बसायला कोणी वाचताना उठवलं नाही. याचं मोल मला फार उशिरा कळलं.

शर्यत मी जिंकले, पण त्याला कारण एक चूक होती. सायकलच्या मधोमध, जिथे पायडलचा दांडा फिरतो, तिथे दोन बाजूंना दोन कप आट्यांनी बसवलेले असतात. आपल्याकडच्या सगळ्या सायकलींना साखळीकडच्या कपाचे आटे उलटे असतात. म्हणजे सगळं जग ज्या दिशेने उघडतं, त्याच्या विरुद्ध दिशेने तो उघडतो. हे पंक्चर काढणाऱ्यालाही माहीत असतं, मामाजींना तर डोळे मिटून माहीत होतं. त्यांनी पाना लावला आणि उलट्या आट्यांच्या हिशेबाने फिरवला. हलेना. गंज धरला असेल म्हणून पान्याला लांब पाइप जोडला आणि अंगाचा भार टाकला. "टक्" असा अगदी बारीक आवाज झाला... मी पुस्तकातून मान वर केली. त्या इटलीच्या सायकलीचे आटे दोन्ही बाजूंना सरळच होते. ते उघडायला नव्हे, आवळायला जोर लावत होते, आणि मधल्या नळीला चीर गेली होती.

मला वाटलं, संतापतील. ते बराच वेळ चिरेवरून नख फिरवत बसले. मग म्हणाले, "मले येत होतं, म्हनून मोडलं वो. येत नसतं तर आधी आटे पाह्यले असते."

ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. वर्कशॉपात सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली. लोक म्हणत, भाऊराव, कायले आपलीच इज्जत काढून राह्यला? ते म्हणत, दुसऱ्याची तं वाचते ना. मी पुढे शिक्षिका झाले. पाठ झालेला धडा शिकवायला उभी राहिले की आजही ते वाक्य कानात येतं, आणि मी पुस्तक उघडते.

सायकल मात्र भिंतीवर गेली. साध्या वेल्डिंगने ती पातळ नळी जळून गेली असती. मंद आचेवर पितळेने झाळणं हाच उपाय होता, आणि चुकीला दुसरी संधी नव्हती. मामाजी निवृत्त झाले, घुग्घुसलाच छोटं घर बांधलं आणि भंगारातल्या नळ्यांवर झाळण्याचा सराव सुरू केला. लोखंड पिकल्या टेंभराच्या, म्हणजे तेंदूफळाच्या, नारिंगी रंगाचं झालं की पितळ पाण्यासारखं आत पळतं, असं सांगायचे. शेवटी एकदा धीर करून त्यांनी ती चीर बुजवली. तोवर छातीत मात्र कोळशाने घर केलं होतं. चार पावलांवर धाप लागायची.

म्हणून जुळणी माझ्याकडे आली. गेलं वर्षभर सुटीच्या दिवशी मी घुग्घुसला जायचे. ते स्टुलावर बसून बघायचे, हात लावायचे नाहीत. कप बसवायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. मी विचारलं, मामाजी, कोणीकडे फिरवू?

"मले नको इचारू," ते म्हणाले. "आटे पाह्य."

मी कप उजेडात धरला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा कल पाहून बसवला. पाइप लागला नाही. मामाजींनी मान हलवली आणि मामीजींना चहा ठेवायला सांगितलं.

हँडलची पट्टी तेवढी उरली तेव्हा मी सायकल चंद्रपूरला आणली होती. ते गेल्यावर तीन आठवडे ती व्हरांड्यात तशीच होती. मग एका शनिवारी मी पट्टी पूर्ण केली आणि रविवारी पहाटे निघाले. एवढ्या वर्षांची सायकल पाण्यातल्या डोंग्यासारखी सरकत होती. गोंडपिपरीला चहाला थांबले तर एक म्हातारबा सायकलीभोवती फिरून, खाली वळलेलं रेसिंगचं हँडल पाहून म्हणाले, "मॅडम, कारागिरानं फसवलं तुमाले. हँडल उलटं लावून देलं." मामाजींना हे सांगायला हवं, असं वाटलं आणि मग आठवलं... आष्टीच्या पुलावर वैनगंगेकडून वारा आला, तिथे थोडा वेळ उभी राहिले.

फाट्यावर पोचले आणि उतरले. पुढचा अर्धा किलोमीटर माझा नव्हता. हँडल धरून चालत गेले.

आई दारातच होती. आमच्याकडे दुरून आलेल्या माणसाला पाय धुवायला लोटाभर पाणी देतात, मग बोलणं. ती लोटा घेऊन अंगणात आली. मी चपला काढून पाय पुढे केले.

"तुहे नाई," ती म्हणाली.

आणि वाकून तिने आधी पुढच्या चाकावर, मग मागच्या चाकावर पाणी ओतलं. लाल धूळ ओघळून अंगणात गेली. छर्ऱ्यांत पाणी गेलं तर गंज धरेल, हे मला माहीत होतं. मामाजी असते तर ओरडलेच असते. पण मी लोटा रिकामा होईपर्यंत सायकल धरून ठेवली. मग आईने पदराने एकेक तार पुसली, आणि सायकल आत घेतली.