समुद्रघोड्याला भरवणाऱ्या काकू

अमेरिकेत सांता क्लाराला आमच्या शेजारी आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या त्या काकूंचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी घराण्यातला पहिला पदवीधर, त्यामुळे समुद्रघोडासुद्धा अभ्यास करून पाळला होता. त्याला फ्रोझन कोळंबी खायला कसं शिकवायचं, याची माहिती इंटरनेटवरून छापून मी महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. घोड्याने त्या वाचल्या नव्हत्या. जिवंत खाद्य संपलं होतं आणि तो शेपटीने काडी धरून उपाशी बसला होता.

काकू कढी द्यायला आल्या आणि थेट फिश टँकपाशी गेल्या. "अरे, असं मेलेलं पुढ्यात टाकलंस तर कोण खाईल?" माझ्या हातातला ड्रॉपर घेऊन त्यांनी कोळंबीचा बारीक कण त्याच्या तोंडापुढे हलवला. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..." मी इंजिनिअर, पण मीही आ वासला. तेवढ्यात घोड्याने कण चटकन ओढून घेतला.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "नातवाला भरवायला गेले की म्हणतो, आजी, आय कॅन डू इट. याला तरी मी लागते."

मग त्या रोज दारात येऊन विचारायच्या, "जेवला का रे?"

एका सकाळी तो माझ्या हातून व्यवस्थित जेवला. अमेरिकेतलं माझं हे पहिलं स्वतंत्र यश कधी एकदा कुणाला सांगतो, असं मला झालं होतं. दार वाजलं. काकूच होत्या.

"जेवला का रे?"

"कुठे हो काकू," मी म्हटलं, "माझ्याकडे बघतसुद्धा नाही."