गच्चीवरची घार आणि तीन टीव्ही

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला लागून एक माड होता आणि त्यावर घारीचं घरटं. पिल्लं असली की ती गच्चीवर येणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालायची. पापड वाळवायचा हंगामही नेमका तोच. म्हणून आमच्याकडच्या बायका डोक्यावर पातेलं पालथं घालून वर जात. दर वर्षी कुणीतरी घरटं पाडू या म्हणे, आणि पिल्लं उडेपर्यंत थांबू, असं बाकीचे म्हणत.

मी तेव्हा लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट काढायचो. कल्याण-डोंबिवलीतला एकही हॉल सोडला नव्हता. आईने मात्र त्यातली एकही कॅसेट शेवटपर्यंत पाहिली नाही. मंगलाष्टकं संपायच्या आत तिला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं.

खालच्या मजल्यावरच्या मित्राला कॅमेरा धरायला मीच शिकवलं. तो पुढे कलाशाळेत गेला, दाढी वाढवली आणि एका एप्रिलात माझाच कॅमेरा मागून नेऊन गच्चीवर स्टँडला लावला. स्वतः त्याच्यासमोर स्टुलावर बसला, बोडक्या डोक्याने. घारीने आपलं काम केलं. त्याच्या टाळूला टाके पडले आणि ठाण्यातल्या एका सभागृहात तीन टीव्हींवर ती झडप संथ गतीने दिसू लागली. याला व्हिडिओ आर्ट म्हणतात, हे आम्हाला तिथेच कळलं. उद्घाटकांनी माणूस आणि शिकारी पक्षी यांच्या आदिम नात्यावर भाषण केलं. त्यांना फेटा बांधलेला होता, त्यामुळे ते निर्धास्त होते.

रंग निळसर आलेत, चौकट तिरकी आहे, असं मी मनात मोजत होतो. आई पुढच्या खुर्चीवर बसून तेच पुन्हा पुन्हा बघत होती. माझ्या लग्नांत असं काय कमी असतं, हे मी तिला परतताना रिक्षात विचारलं.

"लग्नात पुढे काय होणार ते माहीत असतं रे," ती म्हणाली. "ही कधी येईल सांगता येत नाही."

पुढच्या हंगामात मी कॅमेरा खांद्यावर घेऊन, घरट्यावर नेम धरून गच्चीवर उभा राहू लागलो. मीही बोडकाच. घारीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मित्र नुसता सिगरेट ओढायला आला, तरी ती त्याच्यावर धावायची.

एका दुपारी आई मला जेवायला बोलवायला वर आली, अर्थात पातेलं घालून. माझ्या पाठीमागे ठण्ण आवाज झाला. कॅमेरा तसाच धरून मी मान वळवेपर्यंत घार इमारतीमागे दिसेनाशी झालेली. आईला काही लागलं नव्हतं.

"आलं का रे त्यात?" तिने पातेलं सावरत विचारलं.

वाढलेली ताटं झाकून ती टीव्हीसमोर बसली आणि कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली. नुसता माड, झावळ्या, रिकामं आभाळ. ती जागची हलली नाही. शेवटी ठण्ण झालं, तिचंच "अगं बाई" ऐकू आलं, आणि पडद्यावर झावळ्या तशाच डुलत राहिल्या.

आईने पदराने चष्मा पुसला.

"तुझ्या मित्राच्यात घार तरी दिसते," ती म्हणाली आणि ताटांवरची झाकणं काढायला उठली.