विस्मारच्या धक्क्यावर दशरथ

दशरथला काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. धाकटी डहाणूत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, म्हणून हक्कानं सांगतो. चाळीस वर्षं त्यानं बोट चालवली. पण एक सरळ प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा हा गडी पाण्याकडे बघत बसला.

त्याची मुलगी नीलम जर्मनीत नर्स आहे, उत्तरेकडच्या विस्मार नावाच्या जुन्या बंदरात. तीन वर्षांचा करार संपत आला होता. पुढं ती परत येणार की तिथंच राहणार, हे फोनवर काही केल्या सांगेना. शेवटी यमुनावहिनींनी नवऱ्यालाच तिकडे धाडलं. "समोर बसून विचारा, कधी येतेस. बाकी काय नको," एवढं एकच काम दिलं होतं.

नीलमनं त्याला चार दिवस गाव दाखवलं. आधी लाल विटांचं एक चर्च, मग त्याहून उंच दुसरं, मग तिसरं. दगडी रस्त्यांवर चालून त्याचे गुडघे बोलायला लागले. "शेकडो वर्षांचं आहे, बाबा," ती सांगायची. हा "हां" म्हणायचा, वैताग गिळायचा आणि प्रश्न उद्यावर ढकलायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी ती त्याला जुन्या बंदरावर घेऊन गेली. होड्या बघून त्याला जरा हायसं वाटलं. आता आमच्या आळीची रीत अशी, की लग्नाची बोलणी असोत नाहीतर भावाभावांचं भांडण, बसायचं ते ओहोटीला. भरतीला माणसाचं लक्ष बोटीत असतं. पाणी उतरलं, बोटी चिखलात टेकल्या, की सगळे मोकळे. दशरथनं तिथी मोजली. सप्तमी होती, म्हणजे अकरा-साडेअकराला पाणी उतरणार. चंद्र तोच, मग तिथं वेगळं काय असणार? तो धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसला. नीलम म्हणाली, संग्रहालय बघू. हा उठेना. म्हणाली, जुनी वेस तरी बघू. तरी उठेना.

बारा वाजले, साडेबारा झाले. पाणी जिथल्या तिथंच.

"यांचं पाणी उतरतं कधी ग?" त्यानं शेवटी विचारलं.

"इथं ओहोटी नसल्यासारखीच, बाबा. तू त्यासाठी बसलास?" ती हसली आणि घड्याळ बघून उठली. दोनची ड्युटी होती.

ती परत आली तोवर हा झोपला होता. सकाळी विमान. तो इकडे परत आल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, चहा पिताना विचारायचं, गाडीत विचारायचं. तर म्हणतो, "धीर नाय झाला." मला असा राग आला.

निघताना विमानतळावर नीलमनंच त्याचा हात धरला. "बाबा, मला वाटलं तू मला न्यायलाच आलास. रोज भीती वाटायची, आज विचारशील, आज विचारशील. तू एका शब्दानं विचारलं नाहीस. आई चिडेल, पण तुला चालतंय ना? मग मी इथं राहायचा अर्ज भरते."

निदान तेव्हा तरी तोंड उघडावं. यानं नुसती मान डोलावली.

घरी आला तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "कधी येते?"

दशरथनं चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाला, "मी तिला हो म्हणून आलो."