व्हिडिओ कॉलवरचं कॅथेड्रल

लॉकडाउनमधली प्रवासाच्या अंतराची मर्यादा एकदाची उठली आणि मेलबर्नमधलं आमचं अर्धं क्लेटन उपनगर समुद्राकडे पळालं. मी कॅथेड्रल बघायला निघालो. लॉकडाउनभर गॉथिक वास्तुकलेवरचे व्हिडिओ बघून माझ्या अंगात गाइड संचारला होता, आणि ऐकायला हक्काचं गिऱ्हाईक होतं: औरंगाबादचे माझे बाबा, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा व्हिसा आला आणि ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली. भरलेली बॅग अजून त्यांच्या पलंगाखाली आहे. निदान फोनवर तरी त्यांना मेलबर्न दाखवायचं होतं.

जाणार असाल तर ट्रेननेच जा, शहरातलं पार्किंग पगारदार माणसासाठी नाही. पार्लमेंट स्टेशनपासून चालत जाता येतं. प्रवेश फुकट, पण दारात क्यूआर स्कॅन, सॅनिटायझर आणि नाकावर मास्क. देवाकडेही आता चेक-इन करूनच जावं लागतं.

"आवाज कमी ठेव," बायको सारिका म्हणाली. "लोक इथे प्रार्थनेला येतात, तुझ्या लेक्चरला नाही."

फोनवर जय भीम झालं आणि मी सुटलोच. बाराव्या शतकातला फ्रान्स. टोकदार कमान भार खाली उतरवते, म्हणून भिंती उंच आणि रंगीत काचांच्या खिडक्या एवढ्या मोठ्या. 'गॉथिक' ही मुळात शिवी. नंतरच्या इटालियन शहाण्यांनी 'रानटी' म्हणून हिणवलेलं. आणि समोरचं कॅथेड्रल तर एकोणिसाव्या शतकातली हौशी नक्कल. बाबा एवढंच म्हणाले, की छताच्या अशा बरगड्या अजिंठ्याला आधीच आहेत. जगातली प्रत्येक कमान अजिंठ्याहूनच निघते, असं त्यांचं ठाम मत आहे. आमचा वाद रंगला तेव्हा तिथल्या एका सेवकाने 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणत अदबीने बाहेरचं दार दाखवलं.

पायरीवर बसून मी कॅमेरा वर रोखला. छताच्या कडेला कोरलेले दगडी राक्षस तोंडातून पावसाचं पाणी फेकतात. शोभा आणि पन्हाळ एकातच.

"बघितलं," बाबा म्हणाले. "आता कॅमेरा तुझ्याकडे फिरव. आणि तो मास्क काढ जरा."

मास्क बाहेरही सक्तीचा होता, फक्त खाताना काढायची परवानगी होती, म्हणून सारिकाने माझ्या हातात पराठा दिला. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"वाळलास रे," ते म्हणाले.

लॉकडाउनमध्ये माझ्या एकाही पॅन्टचं बटण लागत नव्हतं. तरी मी हो म्हणालो. मला ते तेव्हा तिथे, शेजारच्या पायरीवर हवे होते.

घरी आल्यावर कुटुंबाचा ग्रुप उघडला. एवढ्या लेक्चरमधून बाबांनी एकच स्क्रीनशॉट टाकला होता: पराठा खाणारा मी, आणि मागे कोपऱ्यात कमानीचं अर्धं टोक. खाली लिहिलं होतं, 'गॉथिक कमान, मेलबर्न.'