फाशीची शिक्षा आणि माझं पेन

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतं. कुणाला शुगर होते, कुणी नवी सायकल घेऊन सकाळी जुनोना तलावाच्या रस्त्याला लागतो. मला जुनी शाईची पेनं झाली. ‘झाली’ म्हणतो, कारण बायको तसंच म्हणते. “यायले आता पेन झाले,” असं ती माहेरी फोनवर सांगत असताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

सुरुवात चंद्रपुरातल्या एका भंगाराच्या दुकानात झाली. बिघडलेला मिक्सर द्यायला गेलो आणि तिथल्या डब्यात, खिळ्या-स्क्रूंच्या गर्दीत, एक जाडजूड पेन दिसलं. तपकिरी अंगावर काळ्या लाटा आणि सोनेरी निब. मिक्सर दिला, पेन घेतलं आणि घरी आलो. हा व्यवहार बायकोला अजून पटलेला नाही.

त्या पेनानं अख्खा पावसाळा खाल्ला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, निब कोमट पाण्यात भिजत घालायची, पुसायची, शाई भरायची आणि पेन लिहीत नाही म्हणून घरच्यांवर चिडायचं. बेसिन निळं झालं, टॉवेल निळा झाला. एकदा निब चहाच्या गाळणीत धुतली आणि पाहुण्यांना हिरवट चहा गेला. पाहुणे भिडेखातर प्यायले, वर चांगला झाला म्हणाले.

मी जुनी पेनं जमवतो ही बातमी कॉलनीत पसरली, तर लोक बंद पडलेली बॉलपेनं आणून द्यायला लागले. शेजारच्या काकूंनी पिशवीभर आणली. “एकही चालत नाई, भाऊ,” त्या मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. छंदातला बारकावा या लोकांना कोण समजावणार?

दिवाळीच्या तोंडावर मात्र ते पेन लिहितं झालं. कागदावर असं सरसर धावलं की आनंदाच्या भरात मी पानभर स्वतःच्याच सह्या केल्या. तसली निब आता बनत नाही. मोडली तर संपलं. म्हणून ते पेन घरी ठेवावं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी ते खिशाला लावलं आणि छाती काढून सासुरवाडीला गेलो.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्रभर नाटक. लेकी-जावयांनी यायलाच पाहिजे. नाटक कंपनीचं असतं, पण एखाददुसरं काम गावातल्या हौशी माणसाला मिळतं. ब्रह्मपुरीजवळच्या माझ्या सासुरवाडीत जज्जाचं काम माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामाजी म्हणतो. वर्षभर धानाच्या बांधीत राबणारा हा माणूस त्या एका दिवशी काळा कोट चढवतो, शेवटच्या प्रवेशात खलनायकाला फाशी सुनावतो आणि पेनाची निब मोडतो. टाळ्या, शिट्ट्या, पडदा.

गेल्या खेपेला त्यात घोटाळा झाला होता. जज्जाच्या हाती बॉलपेन होतं आणि ते मोडेचना. मामाजींनी ते टेबलावर आपटलं, गुडघ्यावर वाकवलं, शेवटी दाताखाली धरलं. ऐन फाशीच्या वेळी अख्खा मंडप हसला. ते हसणं मामाजींना वर्षभर बोचत होतं. पानठेल्यावर जाणंही त्यांनी कमी केलं होतं.

तर चहा पिताना त्यांची नजर माझ्या खिशावर गेली.

“जवाईबापू, काय शोभते हो हा पेन! आज नाटकात देता का मले?”

सासऱ्यांना नाही म्हणायची सोय कुणा जावयाला आहे? मी पेन दिलं. जीव मुठीत धरून म्हणालो, “मामाजी, मोडू नका फक्त.”

“मोडल्यासारखं करतो ना. तेवढी ॲक्टिंग मले येते.”

शेवटचा प्रवेश आला तेव्हा उजाडत आलं होतं. मी पहिल्या रांगेत ब्लँकेट गुंडाळून बसलो होतो आणि माझं सगळं लक्ष त्या पेनावर होतं. मामाजींनी खणखणीत आवाजात गुन्हे वाचले. पेन उचललं. टोपण काढलं.

मागून कुणीतरी ओरडलं, “भाऊ, या टायमाले खरोखर मोडा! मागच्यासारखं नको!”

“मोडून दाखवा!” सगळा मंडप ओरडायला लागला.

मोडल्यासारखं करून आता भागणार नव्हतं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, त्यांचा सख्खा जावई, ब्लँकेटमधून हात बाहेर काढून ते जोडले आणि मान हलवली. नको.

मामाजींनी निबेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “आरोपीले... जन्मठेप!”

मंडपात चुळबुळ सुरू झाली. सगळ्यात जास्त हादरला तो खलनायक. फाशी ऐकल्यावर त्याला लांबलचक भाषण होतं, त्यावरच त्याच्या टाळ्या होत्या. तो हात जोडून कुजबुजला, “साहेब, मले फाशी द्या ना.”

“नाई देता येत,” मामाजीही कुजबुजले. “पेन जवाईबापूचा हाये.”

दोघांच्या डोक्यावर माईक लोंबत होता. हे कुजबुजणं पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बायकांच्या रांगेतून माझ्या बायकोनं टाकलेली नजर, माझी तिच्याकडे पाठ असूनही, मला जाणवली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ब्लँकेटसकट उठलो. वर्षातून एकदा टाळ्या मिळवणाऱ्या माणसाच्या टाळ्या मी एका निबेपायी खाल्ल्या होत्या. “मोडा मामाजी!” मी ओरडलो. “खरंच मोडा!”

मामाजींनी शांतपणे टोपण लावलं. पेन कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. आणि टेबलावर हातोडा आपटून म्हणाले, “जवाईबापू, खाली बसा! कोर्ट सुरू हाये.”

पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण त्या जज्जाला की मला, हे अजून ठरलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पेन रुमालात गुंडाळून परत दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शब्द दिला की पुढच्या मंडईला खास मोडण्यासाठी एक पेन आणीन. आणि आणलंही. दुकानातलं साधं, नवंकोरं शाईचं पेन, मोडलं तरी कुणाला हळहळ वाटू नये असं. जरा आधीच नेऊन दिलं, तिथेच चूक झाली. मामाजींनी त्यात शाई भरून पाहिली. स्वतःचं नाव लिहिलं. सासूबाईंचं लिहिलं, दोन्ही बैलांची लिहिली. आणि नाटकात, सगळा मंडप श्वास रोखून बसलेला असताना, पुन्हा जन्मठेप दिली.

“इतकं सुरेख चालते हो,” नंतर मला म्हणाले. “कसा मोडू?”

तेव्हापासून कंपनी त्यांना जज्ज करत नाही, डॉक्टर करते. पेशंट खाटेवर शेवटचे आचके देत असतो, त्याची आई हंबरडा फोडते, आणि मामाजी खिशातून पेन काढून, निब पुसून, सावकाश, वळणदार अक्षरात औषधाची चिठ्ठी लिहीत बसतात.