दसऱ्याला सोडलेल्या बंदुका

ते प्रकरण आठवलं की माझं डोकं अजून तापतं. आरोपीवर जेवढा राग येतो, तेवढाच माझ्या स्वतःवर येतो. आणि आता पेपरात जो तो लिहितो, अमक्या देशात बंदुकीचा कायदा कडक म्हणून गुन्हे कमी, तमक्या देशात ढिला म्हणून जास्त. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ठाण्याच्या कोठीची किल्ली कमरेला बांधली होती, ते मला कुणी सांगत नाही. मी बांधली होती. माझं शिक्षण चार बुकांचं, पण हा एक विषय मला शिकवायला कुणी येऊ नये.

निजामाचं राज्य होतं. मी सरहद्दीवरच्या एका ठाण्यात जमादार होतो. नळदुर्गाच्या पुढं, सोलापूरच्या अंगाला. एका ओढ्याच्या अलीकडं आमची मोगलाई, पलीकडं इंग्रजांचा मुलूख. ओढ्यात पाणी गुडघाभर, पण दोन राज्यं, दोन कायदे. पलीकडं बंदुकीचा परवाना मिळवताना माणसाचे जोडे झिजायचे. अलीकडं पाटील-देशमुखांच्या घरात ठासणीची बंदूक खुंटीला छत्रीसारखी टांगलेली असायची. रानडुकरांपासून पिकं राखायला म्हणून.

मग लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला. परवान्याच्या असोत की बिनपरवान्याच्या, सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. मी गावोगाव फिरून चौदा बंदुका आणल्या, चिठ्ठ्या बांधल्या, कोठीत लावल्या आणि कुलूप घातलं. नोंदवहीत मुन्शीनं उर्दूत लिहिलं, खाली मी सही ठोकली. मला वाटलं, माझ्या हद्दीत कायदा आला.

दसरा जवळ आला तसे पाटील मंडळी ठाण्यात येऊन बसली. त्यातला सगळ्यात वडीलधारा म्हातारा पाटील म्हणाला, जमादार, सात पिढ्या शस्त्राची पूजा केली, आता काय विळ्या-खुरप्यांना हळदकुंकू लावायचं? अमीनसाहेब, म्हणजे आताचे फौजदार, दौऱ्यावर होते. सगळे मला जमादारसाहेब म्हणत होते आणि मला ते गोड लागत होतं. सकाळी न्या, दिवस मावळायच्या आत आणा, असं म्हणून मी कोठी उघडली. वहीत काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर हुकूम मोडल्याचा पुरावा झाला असता.

आसपासच्या सगळ्या गावांचं सीमोल्लंघन आमच्याच ओढ्यावर व्हायचं, आणि ते म्हणजे खरोखरचं राज्य ओलांडणं. आपट्याची झाडं ओढ्यापलीकडं, इंग्रजी हद्दीत. माणसं पलीकडं जाऊन पानं तोडायची आणि तोवर बंदूकवाले अलीकडच्या काठावरून नुसत्या दारूचे बार काढायचे. त्या दिवशीही काढले. चौदाच्या चौदा बंदुका दिवस मावळायच्या आत परत आल्या. मी मोजून घेतल्या आणि मिशीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या तुरीत एक शेतकरी मेलेला सापडला. आमच्याच गावचा. पानं तोडायला पुढं गेला होता. पाठीत शिशाची गोळी. एवढे बार झाले, त्यातला कुठला खरा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

प्रेत पलीकडं, म्हणून तपास इंग्रजी फौजदाराकडं. तो आमच्या ठाण्यात आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "जमादार, आमच्याकडं परवाना घ्यायला कलेक्टरपर्यंत जावं लागतं, म्हणून आमच्याकडं असं होत नाही. तुमच्याकडचं पीक आमच्या रानात पडलं." मी वही त्याच्यासमोर ठेवली. सगळ्या बंदुका महिनाभर कोठीत, खाली माझी सही. दसऱ्याच्या बारांबद्दल गावातल्या कुणी त्याला सांगितलं नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरची बंदूक होती. वही चाळून त्यानं परत दिली. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते.

दोन दिवसांनी शिंदीच्या दुकानदारानं खबर दिली की, ओढ्याच्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरानं लोकरीच्या गठ्ठ्यात बंदूक लपवलीय. आम्ही त्याच्या मेंढरांच्या वाडग्यावर छापा घातला. बंदूक निघाली, छर्ऱ्याची पिशवी निघाली. पंचनामा केला, धनगराला कोठडीत घातलं. इंग्रजी फौजदार खूश. त्याचा हिशेब सरळ होता. गावच्या बंदुका सगळ्या कुलपात, बाहेर एकच बंदूक, मग गोळी तिचीच. तीन दिवसांत आरोपी आमच्या हवाली करा, असं लिहून तो गेला. एकदा ओढा ओलांडला की त्या म्हाताऱ्याचं ऐकणारं तिथं कोण होतं? फाशीच होती.

मी त्याची उलटतपासणी केली. दमही भरला. तो एकच सांगत राहिला. लांडगं लई झालंत, बंदूक जमा केली असती तर मेंढरं कुणी राखायची? गोळी त्याच्याकडं कधी नव्हतीच, छर्रेच होते. शेवटी मी ओरडलो की खोटं बोलू नकोस, तुझ्याशिवाय बाहेर कुणाकडं बंदूक होती? म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"जमादार, त्या दिशी म्या माळावरनं चौदा बार मोजले. तुमास्नी ठावं न्हाय व्हय? किल्ली तर तुमच्याच कमरंला हाय."

मी कोठडीबाहेर आलो. माझी सही त्याच्या गळ्याला दोर लावत होती.

कोठी उघडली. एकेक बंदूक घेतली, गजाला पांढरी चिंधी गुंडाळून नळीत फिरवली. काळी. दुसरीही काळी. बार काढले की नळीत काजळी राहणारच, आणि पुन्हा कुलपात जाणारी बंदूक कोण धुतो? तेरा चिंध्या काळ्याकुट्ट निघाल्या. एक मात्र पांढरी निघाली, तिला करडईच्या तेलाचा वास. चिठ्ठी बघितली. म्हाताऱ्या पाटलाची.

पाटलाला बोलावून चहा दिला. सहज म्हटलं, तुमची बंदूक फार नीट ठेवलीय, इतरांनी तशीच मळकी आणून टाकली. म्हातारा फुलला.

"आमच्या जावयाचं काम, जमादार. ऊन पाणी घालून धुतली, तेल लावलं. बारबी त्येनंच काढला. लई निगुतीचा गडी."

बिचाऱ्याला कळलंही नाही की, आपण काय बोलून बसलो.

पाटलाकडंच राहणाऱ्या या जावयाचं आणि मयताचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वैर होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विचारायचं मलाच सुचलं नव्हतं, कारण माझ्या वहीत बंदुका कुलपात होत्या. जावयाला बोलावून पांढरी चिंधी समोर ठेवली तसं त्यानं कबूल केलं. काजळी दिसेल म्हणून धुतली, म्हणाला. काजळी सगळ्यांचीच होती हे भीतीपोटी त्याच्या डोक्यात आलं नाही. मी विचारलं, एवढाच राग होता तर घरात कुऱ्हाड नव्हती का? तो म्हणाला, "जवळ जाऊन जमलं नसतं. त्याची पाठ होती, तोंड दिसत न्हवतं."

आता कबुली कागदावर घ्यायची तर बंदूक बाहेर कशी आली ते लिहावं लागणार. मुन्शी म्हणाला, जमादार, पट्टा जाईल. तोवर अमीनसाहेब परतले होते. माणूस चांगला, माझ्यावर जीव. दार लोटून म्हणाले, "जमादार, धनगर के पास बंदूक मिली ना? फिर काहे को अपना घर जलाते?" मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. मला रागच आला होता. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. मुन्शीला म्हटलं, लिही. दसऱ्याच्या सकाळी मी, जमादार अमुक, हुकूम नसताना, नोंद न करता, चौदा बंदुका सोडल्या. तो लिहीना. मग मीच वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं आणि सही केली.

पट्टा गेला. जमादाराचा जवान झालो, दोन वर्षं सरहद्दीच्या नाक्यावर उभा राहिलो. जावयाला सजा झाली. पाटील मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तर कडक कायद्यानं गुन्हे कमी होतात का, असं विचाराल तर होतात, असंच माझं म्हणणं आहे. त्या जावयाच्या हातात त्या दिवशी बंदूक नसती तर तो शेतकरी संध्याकाळी घरी सोनं वाटत बसला असता. भेकड माणसाला लांबून मारता येतं, एवढं एकच काम बंदूक करते. पण कायदा पलीकडं कडक होता आणि अलीकडं ढिला, हे काही खरं नाही. कागदावर माझाही कडकच होता. मीच तो हळदकुंकवासाठी सकाळी उघडला आणि संध्याकाळी मिशीवर हात फिरवून बंद केला. देशादेशांची तुलना करणाऱ्यांनी कायद्याची कलमं जरूर वाचावीत, पण कोठीवर बसलेल्या माणसाला गोड बोललेलं किती लागतं, तेही बघून यावं.

धनगराला खुनातून सोडलं, पण बिनपरवाना बंदुकीबद्दल चार महिने भोगावे लागले. सुटल्यावर तो नाक्यावर आला. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. तो म्हणाला, मी आत होतो तेव्हा लांडग्यांनी नऊ मेंढरं नेली, माझी बंदूक तेवढी द्यायला सांगा, तुमचं ऐकतील.

मी नाही म्हणालो. त्यानं फार बोलून दाखवलं, तुमच्यामुळंच आत गेलो म्हणाला, ते खरंही होतं. तरी नाही म्हणालो.